वहिनींचा स्नानसंस्कार

त्यांना सगळे वहिनीच म्हणत. आधी दीर-नणंदा म्हणायच्या, मग नवऱ्याचे मित्र म्हणायला लागले, आणि होता होता सगळं चर्च. इस्पितळाच्या लाँड्रीत त्या इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर कामाला होत्या. वाफेने तोंड भाजून निघालं तरी कधी हूं की चूं नाही. पण धुण्याची यंत्रं होती त्या बाजूला त्या फिरकायच्या नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "तिकडे फार घसरतं बाई."

खरं कारण वेगळंच होतं. लहानपणी तळ्याकाठी त्यांच्या काकाने मागून येऊन मानगूट धरलं आणि त्यांना पाण्यात दाबलं. म्हणे पोहायला शिकवतो! काठावरची मंडळी हसत होती, आणि ते हसणं त्यांना पाण्याखालून ऐकू येत होतं. वर काढल्यावर काका म्हणाला, "बघा, मेली का? नाही ना!" झालं, बाकीच्यांचा विषय तिथं संपला. वहिनींनी मात्र त्यानंतर तोंडावर पाणी म्हणून घेतलं नाही. चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा, केस धुवायचे तेही मान मागे टाकून, ओंजळी-ओंजळीने, जीव मुठीत धरून.

नवरा जन्माने कॅथलिक, वहिनी नव्हत्या. सासूबाईंचे गुडघे गेले तेव्हापासून दर रविवारी त्यांना चर्चच्या उपासनेला, मिस्सेला, घेऊन जायचं काम वहिनींकडे आलं. सासूबाईंनी एका शब्दाने कधी "तूही हो" म्हटलं नाही. त्या वारल्या, आणि त्यानंतरच्या रविवारी वहिनी साडी बदलून तयार झाल्या, नेहमीच्या बाकावर जाऊन बसल्या. अर्ध्या मिस्सेत त्यांच्या ध्यानात आलं, आज आपण कुणालाच घेऊन आलेलो नाही. आपले आपणच आलोय. त्याच आठवड्यात त्यांनी प्रौढांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरायचा. एकावर एक रचलेल्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेला जुना फळा, खिडकीत अर्धी जळलेली मेणबत्ती. शिकवायला कंडक्टरकाका. उभा जन्म बसमध्ये गेलेला, त्यामुळे वर्गातही "पुढे सरका, मागच्यांना जागा द्या" म्हणायचे. शिकणारे चार-पाच जण. त्यात एक सलूनवाला होता, चर्चमधल्याच एका मुलीशी त्याचं लग्न ठरलेलं. तोंडाने भारी फटकळ, मनाने वाईट नाही. वहिनींना वर्ग आवडायचा. प्रश्नही त्याच जास्त विचारायच्या.

आणि एक दिवस फादर उत्साहाने आत आले. "यंदा नवीन कुंड तयार झालंय! कंबरभर पाणी. पहिल्या ख्रिस्ती लोकांसारखा स्नानसंस्कार, बाप्तिस्मा, करू या. तीनदा पूर्ण पाण्याखाली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यात कंडक्टरकाका अर्थ सांगायला लागले. "पाण्यात जायचं म्हणजे काय, तर मरायचं. जुनं माणूस तिथंच ठेवायचं आणि नवं होऊन वर यायचं." शब्द चांगले होते, सासूबाईंनी ऐकले असते तर डोळे पुसले असते. पण वहिनींना 'मरायचं' एवढंच ऐकू आलं, त्याच्या पुढचं नाही. मग दुष्टाला दूर ठेवण्याची प्रार्थना कशी असते, ते कंडक्टरकाकांनी समजावलं. तेवढ्यात सलूनवाला हसत म्हणाला, "काका, म्हणजे ज्याच्या अंगात सैतान असेल तो पवित्र पाणी बघून किंचाळत पळत सुटणार, असंच ना?"

सगळे हसले. वहिनींनी हातातली वही मिटली.

त्या दिवसापासून तो विचार त्यांना चिकटला तो चिकटलाच. बाकी कुणी घाबरत नाही, मग मीच का? माझ्यातच काही आहे का? चर्चच्या दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्यात बोट बुडवताना आता त्यांचा हात कापायचा. कापला की त्या आणखी घाबरायच्या, आणि घाबरल्या की हात आणखी कापायचा.

एका दुपारी न्हाणीघराचं दार लावून त्यांनी बादली भरली. म्हटलं, सवय करून बघू. तांब्या भरला, डोक्यावर नेला, डोळे मिटले. हात काही केल्या उलटा होईना. शेवटी तांब्या हातातून निसटला, पाणी कपाळावरून नाकातोंडात गेलं, आणि त्या दाराला धडकल्या.

नवरा धावत आला. "अगं, काय झालं? पडलीस का?"

"नाही. पाणी सांडलं."

"न्हाणीघरात पाणी सांडल्याचं एवढं?" तो हसला. मग त्यांचा चेहरा पाहून जवळ आला. "नसेल जमत तर राहू दे गं. आईला काही वाटलं नसतं."

"आईंसाठी नाहीच करत मी," वहिनी म्हणाल्या, आणि तिथंच ओल्या फरशीवर बसून रडल्या.

त्या वर्गाला जाईनाशा झाल्या. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत कंडक्टरकाका लाँड्रीच्या फाटकात हजर.

"कामाची पाळी बदलली हो माझी," वहिनींनी आधीच सांगून टाकलं.

"वहिनी, बिनतिकिटाचा माणूस मी चेहऱ्यावरून ओळखतो. काय झालंय?"

तिथं फाटकापाशीच, डबा हातात धरून, वहिनींनी सगळं सांगितलं. लहानपणचा तो काका, तळं, ते हसू, आणि शेवटी, अगदी खालच्या आवाजात, सैतानाचं. कंडक्टरकाका हसले नाहीत.

"मला यातलं फारसं कळत नाही," ते म्हणाले. "पण क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत प्रभूलाही भीतीने घाम फुटला होता, एवढं मी तुम्हाला शिकवलंय. त्याच्यात सैतान होता असं कुणी म्हणेल का? चला, फादरना विचारू."

फादर तरुण होते. ऐकता ऐकता कानापर्यंत लाल झाले. "माझंच चुकलं. कुंडाच्या कौतुकात मी कुणाला विचारलंच नाही," ते म्हणाले. "डोक्यावर चंबूने पाणी ओतलं तरी संस्कार पूर्णच होतो. तुम्ही कुंडात उतरू नका. आणि सैतानाचं मनातून काढून टाका. ज्याला बुडवलंय तो पाण्याला भिणारच."

"दोन थेंब शिंपडले तर नाही चालणार?"

फादरनी हात जोडले. "नाही. पाणी डोक्यावरून वाहायला हवं. तेवढं मला सोडता येणार नाही."

भीती कमी झाली, गेली नाही. कुंडाएवढी होती, ती आता एका चंबूएवढी झाली. पण चंबूभर पाण्यानेही माणसाची पाचावर धारण बसू शकते.

तो रविवार उजाडला. चर्च गच्च भरलेलं. आधी सलूनवाला कुंडात उतरला, बायकांकडे बघून हसत. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं, लहान मुलासारखा हुंदके देत होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला.

मग वहिनी. धर्मपिता म्हणून कंडक्टरकाका शेजारी उभे राहिले. वहिनी कुंडाच्या काठाशी वाकल्या. फादरनी त्यांचं नाव घेतलं. "मी तुला पित्याच्या..." आणि मानेवर गार पाणी पडलं.

वहिनी किंचाळल्या. कंडक्टरकाकांचा हात झटकून मधल्या वाटेने चालत सुटल्या. सगळे बघतायत, आता सगळ्यांना कळलं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. नवरा बाकावरून अर्धा उठला होता. दार समोर होतं, उघडंच होतं.

मागून कुणी हाक मारली नाही, धरायलाही कुणी आलं नाही. त्यांनी मान वळवून पाहिलं. फादर चंबू घेऊन तसेच उभे. कंडक्टरकाकांचे ओठ पुटपुटत होते, डोळे मिटलेले. कुणीसुद्धा हसत नव्हतं.

वहिनी परत फिरल्या. काठाशी येऊन त्या फादरना म्हणाल्या, "तळ्यावर त्या काकाने सांगितलं नव्हतं. मागून धरलं. तुम्ही सांगून ओता."

"मी तुमच्या मानेची वाट बघेन," फादर म्हणाले. "तुम्ही हलवलीत तरच ओतेन."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "मी तुला पित्याच्या..." थांबले. वहिनींनी कंडक्टरकाकांचं मनगट घट्ट पकडलं, दात आवळले, मान हलवली. पाणी आलं. "पुत्राच्या..." या वेळी मान हलायला फार उशीर लागला. मागे कुणाचं तरी मूल कुरकुरलं. फादर हलले नाहीत. मान हलली. "आणि पवित्र आत्म्याच्या नावाने स्नानसंस्कार देतो."

तिसरं पाणी कपाळावरून खाली नाकापर्यंत आलं. श्वास अडकला, अंगाला कापरं भरलं, आणि मग श्वास सुटला.

बाहेर उन्हात त्या टॉवेल गुंडाळून कठड्यावर बसल्या, तेव्हाही दात वाजत होते. नवऱ्याने चहाचा कप हातात दिला, तर निम्मा बशीत सांडला. कंडक्टरकाका मनगट चोळत होते. तिथं नखांच्या लालबुंद खुणा उमटल्या होत्या.

सलूनवाला जवळ आला, खाली मान घालून. "वहिनी, त्या दिवशी मी ते सैतानाचं बोललो... मला काय ठाऊक! आता गेली का भीती?"

"कुठली जाते," वहिनी म्हणाल्या. "आहे की अजून. सरक तिकडे, ऊन येऊ दे माझ्या अंगावर."