आबांसाठी मोजलेलं माझं लिव्हर

आमच्या भागात बाईचं पोट दुखलं की ओवा चावायला देतात. पुरुषाचं दुखलं की गाडी काढून स्कॅनला नेतात. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि कॉम्प्युटरला लिव्हर ओळखायला शिकवताना नेमकं तेच डोक्यात आलं नाही. त्याचा संताप अजून जात नाही.

बारामतीच्या कॉलेजात मी शिकवते. पोटाच्या स्कॅनमधलं लिव्हर कॉम्प्युटरनं आपणहून ओळखावं, त्याभोवती रेघ मारावी आणि ते केवढं आहे ते सांगावं, यावर आमचं काम चालायचं. त्यासाठी आधी माणसांनी रेघा मारलेले ढीगभर स्कॅन त्याला दाखवावे लागतात. आम्हाला बारामती-इंदापूर मिळून मूठभर मिळाले, तेही बहुतेक पुरुषांचे. मग तेच जरा ताणून, जरा तिरके करून पुन्हा पुन्हा दाखवले. दुधाची तहान ताकावर भागवली, झालं.

तशात गावी, पणदऱ्यात, आबांचं, माझ्या वडिलांचं, लिव्हर निकामी झालं. दारूला कधी न शिवलेला माणूस! आईला शुगर, तिचं चालेना. मी म्हटलं, माझ्यातला तुकडा देते. पण माझ्याकडं मागं पुरेसं उरायला हवं, नाहीतर डॉक्टर हात लावत नाहीत. पुण्याला माझा स्कॅन झाला. तिथले डॉक्टर मोजून सांगणार होते, पण मला कुठला दम निघतोय? स्कॅन आमच्या कॉम्प्युटरला दिला. चांगलं भरपूर उरतंय, असं त्यानं दाखवलं. मी तशीच उठून पणदऱ्याला गेले आणि सांगून मोकळी झाले.

आबा हरखले. कितीतरी दिवसांनी भाकरी मागून घेतली. शेजारच्या तात्यांना बोलावून सांगितलं, लेक देणार हाय. आडसाली उसाचं बेणंसुद्धा ठरवलं, म्हणजे दीड वर्षाचं पीक. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, नक्की ना. मी तिच्यावरच खेकसले.

पुण्याचे डॉक्टर नाही म्हणाले. माझ्या लिव्हरचं डावं टोक पातळ होत जाऊन शेजारच्या प्लीहेला टेकलंय, बायकांमध्ये असं जास्त दिसतं, असं त्यांनी समजावलं. आमच्या कॉम्प्युटरनं तसलं टोक कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं प्लीहाही लिव्हरच्या रेघेत ओढली होती. खरं मोजल्यावर मागं उरत होतं ते फारच थोडं.

आबांना सांगताना मला रडू आवरेना. ते मात्र शांत होते.

"बरं झालं," ते म्हणाले. "पोरीच्या पोटात सुरी घालून जगायचं, ते मला कुठं गोड लागलं असतं? तू लई आशेनं आली हुतीस, म्हणून मी व्हय म्हणलो."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि चादर डोक्यावर ओढली. आत ते रडत होते. त्यांना रडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. जवळ जायचं मला धाडस झालं नाही. त्या वर्षीची दिवाळी त्यांना दिसली नाही.