प्रॅक्टिकलला आणलेलं हृदय

ट्रेमध्ये बोकडाच्या हृदयाचे तुकडे होते. मॅडमनी चिमट्यानं एक उचलला आणि सगळ्या वर्गाला दाखवला.

"शिकायला आणायला सांगितलं होतं, शिजवायला नाही."

वर्ग हसला. माझ्या शेजारचीसुद्धा. मी अकरावी सायन्सला, दहावीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. वर्गात मुसलमान मी एकटी. म्हणून बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला हृदय आणायचं काम माझ्याकडं. "तुमच्याकडं मिळतं की," असं मॅडम म्हणाल्या होत्या.

अब्बा कारखान्यात शाळेचे युनिफॉर्म शिवतात. त्यांना वाटलं, मॅडमनी विश्वासानं सांगितलंय. कामाला उशीर करून ते मटणाच्या दुकानात गेले. "बेटी के कॉलेज कू होना, अच्छा देव," म्हणाले. दुकानदारानं मान राखला. स्वच्छ धुतलं आणि कालवणाला कापतात तसं बारीक कापून दिलं. प्रॅक्टिकलला अख्खं लागतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मीही पिशवी उघडून बघितली नाही.

"ट्रे धुऊन आण," मॅडम म्हणाल्या. "आर्ट्स घ्यायचं होतंस. तुमच्यात मुलींना लवकरच उजवतात ना?"

मी मागच्या बेसिनवर ट्रे घासत राहिले. राग आला नाही. रडूही आलं नाही. हात तेवढे चालत होते. तिकडं मॅडमनी फळ्यावर हृदयाचे कप्पे काढले, शिकवले, पुसले. मी पाठमोरी. मला काही दिसलं नाही.

घरी अब्बांनी विचारलं, "कैसा था?"

"अच्छा था."

ते लई खूश झाले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "परत आण. यावेळी अख्खं."

"मी आणणार नाही, मॅडम."

"का? तुमच्याकडं मिळतं की."

"मटण सगळ्या सोलापुरात मिळतं. रविवारी दुकानापुढं ह्या वर्गातले निम्मे रांगेत असतात."

कुणी हसलं नाही. मॅडमचा चेहरा लाल झाला. "मागं जाऊन उभी राहा."

गेले नाही. पुढच्या बाकावर जाऊन बसले. शेवटी शिपायानं हृदय आणलं. मॅडमनी सुरी दुसऱ्या मुलीच्या हातात दिली. मी म्हणाले, "तिच्यानंतर मी."

त्या संध्याकाळी अब्बांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "आर्ट्स ले लेती क्या?"

नाही घेणार. मॅडम माझ्याशी बोलत नाहीत, नाहीत तर नाहीत. ही जागा मला कुणी मेहेरबानीनं दिलेली नाही. मी रोज त्यांच्या समोर बसणार. त्यांनी मला शिकवायचं.