कोर्टआप्पांची खुर्ची

आमच्या कारखान्यात चोर सापडला की वॉचमन उठून त्याला स्वतःची खुर्ची द्यायचा. या वॉचमनला आमच्या लिंबायतच्या गल्लीत सगळे कोर्टआप्पा म्हणत. धुळ्याकडच्या एका तालुका कोर्टात ते जन्मभर शिपाई होते. निवृत्तीनंतर आमच्या जवळच डिंडोलीला मुलाकडे आले आणि घरात करमेना म्हणून माझ्या सोळा लूमच्या कापड कारखान्याच्या दारावर दिवसपाळीला बसले. साहेबांना पाणी देता देता कानावर पडलेला कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि नवा आला तो त्यांनी पेपरात वाचून घेतला.

चोराला आधी खुर्ची, मग पाणी. नंतर कापडाच्या ताक्यावर खुणा करायच्या खडूने आप्पा भिंतीवर वेळ लिहीत. "धरनारालेबी नियम शेतस, भाऊ. सहा तासना आत पोलिसना ताबामा देनं पडस."

"आप्पा, एवढं तर आपण जावयालाही जपत नाही," मी चिडवायचो.

"जावयाले लेवाले पोलीस येत नहीत," ते शांतपणे म्हणत.

दिवाळीआधी सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, गायब होऊ लागले आणि माझं डोकं फिरलं. एका दुपारी मागच्या दारातून पोटली घेऊन निघालेला माणूस दिसला. मी ओरडलो, कामगारांनी त्याला घेरलं, माझ्या हातात लोखंडी दांडा आला. तेवढ्यात आप्पांनी त्याला खुर्चीवर बसवलंसुद्धा.

"भाऊ, चोरतांना तुम्ही देखं का?"

"पोटली दिसत नाही का तुम्हाला?"

"पोटली दिसनी. चोरी नही दिसनी. डोयासमोर गुन्हा व्हयना तरच तुमले धरता येस."

"माझा कारखाना, माझा माल, आणि तुम्ही मला कायदा शिकवता?" म्हणत मी दांडा हाणला. आप्पांनी मध्ये हात घातला. तो आवाज अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या घरातून बायको धावत आली. "अहो, चिंध्या न्यायला यांना मीच सांगितलं होतं. यांच्या घरी गोधड्या शिवतात." पोटलीत कापडाच्या चिंध्याच होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या माणसाची हात जोडून माफी मागितली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आप्पांनी सरळ सांगितलं, "मालकना दांडा लागना." खोटं त्यांना जमायचंच नाही. मनगटाला प्लास्टर घालून परतल्यावर त्यांनी मला खुर्ची दाखवली. "बसा भाऊ. गुन्हा मन्हा डोयासमोर व्हयना."

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं आणि डाव्या हाताने, वेड्यावाकड्या आकड्यांत, भिंतीवर वेळ लिहिली. कामगार येता-जाता बघत होते. मी मान वर केली नाही. आप्पा पोलिसांना बोलावतील असं मला खरंच वाटत होतं, आणि बोलावलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. दिवस मावळताना त्यांनी शर्टाच्या बाहीने ती वेळ पुसली.

"कारखाना तुमना शे, भाऊ. मानूस तुमना नही. जा घर, वहिनी वाट देखी राहिनी."

हात वाकडाच जुळला. त्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. यंदा होळीच्या सुमारास आप्पा गेले. मुलगा सामान न्यायला आला, तेव्हा खुर्ची मी मागून ठेवून घेतली. ती दारातच असते. डोक्यात राग गेला की मी आधी तिच्यावर जाऊन बसतो.