भूल देण्याआधी रत्नागिरी गाठायची होती

रत्नागिरीला जायचं गेली चार वर्षं नुसतं घोकत होते. सदानंद घाग आमच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं मदतनीस होते. निवृत्त होऊन संगमेश्वरजवळच्या आपल्या वाडीत गेले, तेव्हापासून दर गणपतीला फोन. "मॅडम, या ओ एकदा. नुसतं येते येते करता." यंदा मीही निवृत्त झाले, तेव्हा दिवाळीनंतर एका मंगळवारी पुण्याहून एकटीच गाडी काढून निघाले.

आधी रस्त्याचं सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तेच विचारतात. साताऱ्याच्या पुढे उंब्रजला आत वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. घाटरस्ता अरुंद आहे, पण दिवसा काही त्रास नाही. खाली उतरलं की पोफळी. वीजप्रकल्पाच्या वसाहतीजवळच्या टपरीवर चहा आणि गरम कांदाभजी घेतली. कापलेल्या भाताच्या पेंढ्यांचा वास येत होता. चिपळूणला बाराशे रुपयांत साधी, स्वच्छ खोली मिळाली. बुधवारी सदानंदांच्या घरी जेवायचं आणि गुरुवारी समुद्र बघून परत, असा बेत होता.

बुधवारी सकाळी पावणेआठला मी घावण्याचा पहिला तुकडा मोडला आणि निघाल्याचं सांगायला त्यांना फोन केला.

"अरे देवा, मॅडम! तुम्हाला कळवायचं राहिलंच. मी रत्नागिरीला हाय, एस्टी स्टँडामागच्या हास्पिटलात. आमच्या दादाचा पोरगा नितीन, मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात कामाला हाय ना, तो ओल्या लादीवर घसरला. हात मोडलाय. अकराला आपरेशन हाय."

"भूल कुठली देणार आहेत? फक्त हाताला?"

"पूर्ण. तो घाबरतो. मला झोपवूनच करा म्हणतो."

घावण्याचा तो तुकडा माझ्या हातातच राहिला.

इथे थोडं मागे जायला हवं. मी जनुकशास्त्रज्ञ, पण माणसांची नाही. माझी सगळी नोकरी डुकरांवर गेली. काही विदेशी जातींच्या डुकरांना मांस भरपूर आणि चरबी कमी असते, म्हणून ती पाळणाऱ्यांना हवीशी वाटतात. पण त्यांतली काही जनावरं गाडीत चढवताना नुसत्या धसक्याने ताठ होतात, अंग भट्टीसारखं तापतं आणि मरतात. हा दोष कुठल्या पिल्लात आहे हे ओळखायला तेव्हा एक चाचणी असायची. पिल्लाच्या तोंडाला मास्क लावून भुलीचा वायू द्यायचा. दोष असला तर दोन-तीन मिनिटांत मागचे पाय काठीसारखे ताठ होतात. मग लगेच मास्क काढायचा. मास्क धरायचं काम सदानंदांचं. एकदा एक पिल्लू मास्क काढल्यावरही सावरलं नाही. सदानंद त्याच्या अंगावर हात ठेवून बसून राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आमचा दादा असाच गेला. अपेंडिक्सच्या आपरेशनला. डाक्टर म्हणाले, हार्ट बंद पडलं."

माणसांतही हा दोष असतो, बापाकडून किंवा आईकडून मुलात उतरतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. मी म्हटलं, "एकदा तपासायला हवं." मग अहवाल आले, परिषदा आल्या, आणि दादा माझ्या विषयात बसत नव्हता. या गोष्टीला अठरा वर्षं झाली. तेव्हा नितीन शाळेत होता.

"सदानंद, ऑपरेशन थांबवायला सांगा. आत्ता. दादाचं सगळं सांगा त्यांना."

"माझं कोण ऐकतंय मॅडम? फार्मावर सही झालीय वयनीची..." एवढ्यात फोन तुटला. रुग्णालयाचा नंबर शोधून लावला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, डॉक्टर राउंडला आहेत, निरोप देते. माझं नावसुद्धा तिने नीट विचारून घेतलं नाही.

चिपळूण ते रत्नागिरी नव्वद किलोमीटर. अडीच तास धरा, आणि महामार्गाचं काम चालू असेल तर त्याहून जास्त. सावर्ड्यापर्यंत गाडी बरी पळाली. आरवलीच्या पुढे एका बाजूची वाहतूक अडवून ठेवलेली. लाल झेंडा धरलेल्या माणसाकडे मी धावत गेले.

"भाऊ, एका गाडीला सोडा. हॉस्पिटलला पोचायचंय."

"समोरून टँकर येतायत बाई. तुम्हाला सोडून मलाच हास्पिटलात जावं लागेल." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "पाच मिनिटं थांबा. पहिली तुमची गाडी काढतो." अकरा मिनिटं लागली, पण शब्द त्याने पाळला. मी दर थोड्या वेळाने फोन लावत होते. सदानंदांचा फोन बंद. हातखंब्याला शहराकडे वळले तेव्हा घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. या रस्त्यावरचं मला दुसरं काहीही आठवत नाही. नद्या, आमराया, वळणं, त्यासाठी कृपया दुसऱ्या कुणाचं वर्णन वाचा.

रुग्णालय छोटं, दोन मजली. जिन्यातच सदानंद भेटले. "फोनची बॅटरी संपली ओ. आत्ताच आत नेला त्याला."

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी परिचारिकेने मला अडवलं. "तुम्ही कोण? नातेवाईक?"

"डॉक्टर आहे. त्याला भूल देऊ नका."

"कसल्या डॉक्टर?"

काय सांगू? "डुकरांचा अभ्यास केलाय मी," एवढंच तोंडातून निघालं. बाहेर बसलेली माणसं हसली. पण मी दारातून हलले नाही. आवाज चढला तशी आतून भूलतज्ज्ञ बाहेर आल्या, पस्तिशीच्या असतील. सर्जन मागून म्हणत होते, "पुढे अजून दोन केसेस आहेत, चला." भूलतज्ज्ञांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मी चार वाक्यांत सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला.

"वडिलांच्या वेळी तिथे कोण होतं?"

बाकावर बसलेल्या सुलभाताई, नितीनची आई, उठल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "मी हुते. बाहेर आणलं तेव्हा दात असे आवळलेले. मेलेलं माणूस थंड पडतं ना बाई? ह्यांचं अंग तव्यासारखं हुतं. मी हात लावला नि चटका बसला."

भूलतज्ज्ञ म्हणाल्या, "हे झालं तर द्यायचं औषध आमच्याकडे नाही. वायू बंद, स्नायू सैल करायचं इंजेक्शनही बंद. गळपट्टीच्या हाडाजवळ सुई देऊन फक्त हात बधिर करते." आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं तसा नितीनचा आवाज आला, "म्हंजे मला ड्रिलचा आवाज ऐकू येणार?"

पावणेदोन तास. सदानंद जिना चढत-उतरत होते. सुलभाताई हलल्या नाहीत. मला दर मिनिटाला वाटत होतं, माझं चुकलं असेल तर? उगाच एका माणसाला जागं ठेवून हाडात ड्रिल चालवायला लावलं असेल तर? आणि त्याहून वाईट, माझं बरोबर असेल आणि आत कुणी विसरलं असेल तर?

स्ट्रेचर बाहेर आलं. नितीन घामाघूम, डोळे उघडे. सुलभाताईंनी आधी त्याच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, मग पोटावर. "गरम नाय," त्या सदानंदांना म्हणाल्या. "भावजी, गरम नाय तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदानंदांनी मला मिरकरवाड्याला नेलंच. बंदरात लिलावाचा गलका, बर्फ फोडायचा आवाज, पाय ठेवायला जागा नाही. जायचं असेल तर सकाळी लवकर जा आणि पायात जुन्या चपला घाला. बाजूच्या खानावळीत बांगड्याचं ताट खाल्लं, दोनशेच्या आत पोट भरतं. जाताना रुग्णालयात नितीन आणि सदानंद, दोघांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि आंबा घाटाने परतले. तो घाट मात्र मी डोळे भरून पाहिला.

दीड महिन्याने अहवाल आला. सदानंदांत दोष नाही. नितीनमध्ये आहे. आता त्याच्या खिशात कुठली भूल चालत नाही याचं कार्ड असतं, आणि दादांच्या दोन बहिणींच्या मुलांना पत्रं मी स्वतः लिहिली. अठरा वर्षांपूर्वी लिहायला हवी होती. निबंधांत शेवटी "मानवी आरोग्यासाठीही उपयुक्त" असं मी कितीदा लिहिलं असेल. तो मानव त्या वेळी माझ्यासमोर मास्क धरून उभा होता.

अहवाल कळवला त्या संध्याकाळी सुलभाताईंचा फोन आला. थोडं इकडचं तिकडचं बोलल्या.

"मॅडम, एक विचारू? ह्यांच्या आपरेशनच्या दिवशी सकाळी ह्यांना काय खायला देऊ नका सांगितलेलं. भूक लागली म्हणून मागू लागले. मी चोरून दोन घोट पेज दिली हुती. आजपर्यंत कुणाला बोलले नाय. त्यानं तर नाय ना गेले?"

"नाही सुलभाताई. पेजेने अंग तसं तापत नाही, दात आवळत नाहीत. ते त्यांच्या जन्मापासून त्यांच्यात होतं. तुमच्या हातून काही झालं नाही."



"जरा थांबा," त्या म्हणाल्या. "भावजी इथंच हायत. फोन स्पीकरवर टाकते. पेजेचं मी सांगते त्यांना. मग तुम्ही आता बोललात ते पुन्हा बोला."