वाढलेला मैल

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच राहिलं. गावभर त्यांना मैलसाहेब म्हणत. साहेबपणा असा की हातात फावडं, खांद्यावर घमेलं आणि डोक्यावर ऊन. रस्ते खात्यात मैलकुली म्हणून एक नोकरी असते. एका माणसाला एक मैल रस्ता नेमून देतात. खड्डा पडला तर बुजवायचा, मोरी तुंबली तर उपसायची, साइडपट्टीवरचं गवत काढायचं, डांबरावर आलेले सुटे दगड उचलून कडेला ढीग लावायचा. मैलसाहेबांचा मैल त्यांच्या खोलीच्या दारातल्या दगडापासून सुरू व्हायचा आणि लाकडाच्या वखारीपुढच्या दगडाशी संपायचा. लग्न करून आल्या तेव्हा काकूंना वाटलं होतं, नवऱ्याला सरकारनं रस्ता बक्षीस दिलाय. तसा तोरा ते मिरवायचेच.

कामाची त्यांची एक पद्धत होती आणि ती मोडलेली कुणी पाहिली नाही. सकाळी डाव्या कडेनं जायचं, वखारीपुढच्या पांढऱ्या दगडावर दोन थापा मारायच्या, "पोचलो" म्हणायचं, आणि समोरच्या कडेनं परत यायचं. दगडाच्या अलीकडून वळायचं नाही, ती कामचुकारी. दगडाच्या पलीकडे जायचं नाही, तो दुसऱ्याचा मैल. एकदा पलीकडचा मैलकुली तापानं पडला होता आणि त्याच्या हद्दीत भला मोठा खड्डा पडला होता. मैलसाहेब दगडाला टेकून तासभर त्या खड्ड्याकडे बघत बसले, पण पाऊल टाकलं नाही. घरी येऊन जेवले मात्र नाहीत. काकू म्हणाल्या, "अहो, बुजवून यायचा, कोण बघतंय?" तर म्हणाले, "उद्या तो माझ्या मैलात येईल. मग?"

मैल या शब्दाचा नाद त्यांना लावला तो एका ओव्हरसियर साहेबांनी. साहेब वाचणारे होते, आणि वाचणाऱ्या माणसाला ऐकणारा लागतो. मोरीच्या कठड्यावर चहा पिता पिता त्यांनी सांगितलं, की मैल हा शब्द मुळात हजाराचा आहे. रोमन फौज चालत निघाली की डावा पाय टेकला की एक, परत डावा टेकला की दोन, असे हजार झाले की मैल. पुढे इंग्रजांकडे नांगराच्या तासाच्या, म्हणजे शेतातल्या एका सरीच्या लांबीवरून एक माप रूढ होतं. त्याच्याशी हिशेब जुळेना, म्हणून त्यांनी मैलच ओढून लांब केला.

"म्हणजे एकदा वाढवलेला आहे तो," मैलसाहेब म्हणाले. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

"एकदा काय! मुलखामुलखाचा मैल वेगळा. समुद्रावरचा आणखी वेगळा. उत्तरेकडे थंडीच्या देशात तर आजही मैल म्हणतात तो आपल्या सहा मैलांहून मोठा."

"तिकडं बदली करू नका साहेब, मेलो मी."

ही गोष्ट त्यांनी घरी इतक्यांदा सांगितली की लेकीला ती पाढ्यासारखी पाठ झाली. साहेबांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते डाव्या पायावर मोजत गेले, तर हजाराच्या बरेच वर भरले. काकू म्हणाल्या, "पाय आखूड आहेत तुमचे." यावर ते दोन दिवस बोलले नाहीत.

नोकरी संपली, तरी सकाळचा मैल संपला नाही. मग आजार आला. आधी चष्मा सापडेना, मग चष्मा कशाला लागतो तेच आठवेना. जेवून उठले की विचारायचे, जेवण झालं का. लेक नवऱ्याच्या बदलीनंतर मुलाला घेऊन जवळच राहायला आली होती, तिला ते कधी ओव्हरसियर समजायचे, कधी परिचारिका. पण सकाळी बूट चढवायचे, डाव्या कडेनं जायचे, दगडावर थापा मारायचे आणि उजव्या अंगानं सुखरूप परत यायचे. डोक्यातलं सगळं गेलं तरी पायातलं गेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, दाराला कडी घाला. लेकही तेच म्हणाली. काकू अडून बसल्या.

"तो दगड आहे ना तिथं, तो परत पाठवतो त्यांना. तू नको काळजी करू."

"आई, दगडाच्या भरवशावर माणूस सोडतात का?"

"माणसांच्या भरवशापेक्षा बरं. कोंडलं तर चार दिवसांत जातील ते."

लेक रागावून निघून गेली. पण रोज सकाळी मैलसाहेब परत येत आणि काकूंचं म्हणणं खरं ठरे. काकूंना त्याचा थोडा गर्वही झाला होता, खोटं कशाला बोला.

आणि मग एका सकाळी ते आले नाहीत.

ऊन खिडकीतून भिंतीवरच्या फळीपर्यंत आलं, तरी नाहीत. काकूंनी लेकीला निरोप धाडला. लेक धावत आली. आल्या आल्या तिनं भिंतीवरचा बाबांचा फोटो काढून घेतला, आणि काकूंना वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लेकीनं बाजार पालथा घातला, बसथांब्यावर विचारलं, दवाखाने पाहिले, चौकीत फोटो दिला. चौकीतल्या शिपायानं फोटो उलटसुलट करून सांगितलं, "वयस्कर माणसं लांब जात नाहीत. इथंच कुठं बसले असतील." सांगणाऱ्याचं काय जातं! हरवलेला माणूस जिथं जिथं असतो तिथं तिथं लेकीनं शोधलं. कुठंच नव्हते.

काकूंना घरात बसवेना. त्या डाव्या कडेनं चालत वखारीपर्यंत गेल्या. तिथं दगडासमोर पंक्चरवाल्याची टपरी होती. काकूंना बघून तो उठून उभा राहिला.

"काकू, मैलसाहेब आज फॉर्मात होते. सरळ पुढं गेले. मी हाक मारली, पण थांबले नाहीत."

"पुढं? पुढं कसे जातील? दगड..."

काकूंनी वळून पाहिलं. दगड नव्हता. जिथं होता तिथं ओल्या मातीचा खड्डा होता, आणि थोड्या अंतरावर दोन नळ्यांवर उभी केलेली हिरवी चकचकीत पाटी, किलोमीटरची.

"काल यंत्र आलं ना रुंदीकरणाचं. उपटला आणि ट्रकात टाकून नेला," पंक्चरवाला म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचाही चेहरा उतरला.

काकू त्या खड्ड्यापाशी गेल्या. सगळं गाव हरवलेला माणूस शोधत होतं, आणि माणूस हरवलेलाच नव्हता. तो कामावर होता. वाट चुकला नव्हता, वळायची जागाच त्याला कुणी ठेवली नव्हती. दगड येईपर्यंत तो चालणार, आणि दगड येणारच नव्हता. काल संध्याकाळी दारावरून जाणाऱ्या यंत्राची घरघर काकूंनी स्वतःच्या कानांनी ऐकली होती. धूळ येते म्हणून खिडकी लावून घेतली होती.

पंक्चरवाल्यानं टपरी तशीच उघडी टाकून तीनचाकी टेम्पो काढला. "डाव्या कडेनं घे, हळू," काकू म्हणाल्या. थोडं पुढं गेल्यावर साइडपट्टीवर सुट्या दगडांचा एक लहानसा ढीग दिसला, नीट रचलेला. मग आणखी एक. दुसऱ्याच्या मैलात, तिसऱ्याच्या मैलात मैलसाहेब रस्ता साफ करत गेले होते. काकू प्रत्येक ढिगापाशी "हो, हो, पुढं" म्हणत होत्या. मग ढीग लहान होत गेले. मग एका जागी नुसतेच तीन दगड होते. त्यानंतर काहीच नव्हतं, आणि काकू टेम्पोतून अर्ध्या बाहेर वाकून कड न्याहाळत राहिल्या.

पत्र्याच्या गोदामाच्या लांबलचक भिंतीपाशी ते दिसले. चालतच होते. एक पाय ओढत होते, ओठ फुटले होते, बुटाच्या शिवणीतून रक्त आलं होतं. काकू उडी मारून त्यांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"अहो, चला घरी."

"बाजूला व्हा बाई. ड्युटी चालू आहे."

पंक्चरवाल्यानं पाण्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावली. दोन घोट प्यायले, आणि पुन्हा चालायला लागले. त्यानं दंड धरला, तर लहान मुलासारखे रडायला लागले.

"दगडच येत नाही हो," ते काकूंना म्हणाले. "साहेबांनी मैल वाढवला वाटतं. वाढवा, पण माणसाला सांगायचं तरी. एवढं चालून आलोय, आता आधीच वळलो तर कामचोर म्हणतील."

आयुष्यभर काकूंनी त्या मैलाची चेष्टा केली होती. त्यांनी पंक्चरवाल्याला हात सोडायला सांगितलं, चार पावलं पुढं गेल्या आणि साइडपट्टीवर गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसून राहिल्या. केस त्यांचे कधीच पांढरे झाले होते.

मैलसाहेब आले. थांबले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग काकूंच्या डोक्यावर हात आला, दोन थापा बसल्या.

"पोचलो," ते म्हणाले, आणि रस्ता ओलांडून उजव्या अंगाला लागले.

काही पावलांवर त्यांचे गुडघे वाकले. आता टेम्पोत बसायला त्यांची हरकत नव्हती, काम झालं होतं. वाटेत त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"तुमच्याच मैलातली," काकू म्हणाल्या.

घरी लेकीनं बाबांचे पाय कोमट पाण्यात धुतले, आणि उठून दाराला कुलूप घालायची नवी कडी बसवली. ठोकण्याचा आवाज होत होता तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. या खेपेस त्या अडून बसल्या नाहीत.

सकाळी मैलसाहेब उठले. पायांना पट्ट्या होत्या, त्यावरच बूट चढवायची खटपट केली, जमेना, तसेच निघाले. खाटेपासून भिंतीच्या डाव्या कडेनं दारापर्यंत आले. दार उघडेना. त्यांनी कडीकडे पाहिलं, आणि त्यांचा श्वास जोरजोरात चालायला लागला.

काकू पोळपाट सोडून उठल्या आणि पिठाच्या हातांनी दाराला पाठ लावून खाली बसल्या. मान खाली घातली. दोन थापा बसेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"पोचलो," मैलसाहेब म्हणाले, आणि समोरच्या भिंतीनं खाटेकडे परत निघाले.