परवानगी काढून देणारा

नगरपालिकेजवळच्या टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत तो बसलेला असे. घराचा नकाशा मंजूर करून घ्यायचा, तर लोक आधी त्याला गाठत. कितीही अवघड काम सांगा, तो तुमच्याकडे न बघता म्हणे, "होऊन जाते ना भाऊ."

आमच्या वस्तीखाली जुनी कोळशाची खाण आहे. तिथे एकाच मजल्याची परवानगी मिळते. मला दोन हवे होते, आणि त्याने ते करून दिलं.

वास्तुशांतीला तो आला. सगळे आत पंगतीला बसले. हा मात्र ताट घेऊन फाटकाबाहेर उभ्यानेच जेवू लागला.

"आत या ना भाऊ," मी म्हणालो.

"इथीच बरं हाय. आत गरमी लय."

दिवस थंडीचे होते. घास घेता घेता तो वरच्या मजल्याकडे बघत होता. त्याला काय ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं.

तो मजला मी भाड्याने दिला. यंदा तिथल्या भिंतीला तडा गेला. शेवटी काल दुपारी मी भाडेकरीण बाईला अंगणात बोलावून हे सगळं सांगितलं.

"लेकरं वर झोपून हायेत, बाबाजी," ती म्हणाली आणि जिन्याकडे धावली.