खड्ड्यातला विंचू

टसर रेशमाचा कोसा उकळल्याचा उग्र वास आला की मला पवनीतला आमचा हातमाग आठवतो. माग जमिनीतल्या खड्ड्यावर होता आणि बाबा त्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबत. एका वर्षी त्यांच्या तळपायांची आग व्हायची, मधूनच नांगी मारल्यासारखी कळ यायची. एका दुपारी ते ओरडतच वर आले. "खड्ड्यात विंचू हाय. झाडत काहून नाही वं तू?" आई म्हणाली, "सकाळीच झाडला म्या, काईच नाही त्यात." बाबांनी हातातला बाण्याचा लाकडी, टोकदार धोटा तिच्या तोंडावर हाणला. तिचा ओठ फाटला, विणलेल्या कापडावर रक्त सांडलं. ती अनवाणी खड्ड्यात उतरली आणि माग चालवत बसली. तिला काहीच डसलं नाही. ते बघून बाबांनी तिला केस धरून बाहेर ओढलं आणि कुऱ्हाडीनं माग तोडला. पुढे डॉक्टरांनी निळ्या औषधात त्यांची लघवी उकळली, ती विटेसारखी लाल झाली, तेव्हा साखरेनं पायाच्या नसा जाळल्याचं कळलं. आता माझ्याही तळपायांत तसंच डसतं. अशा वेळी बायको जवळ आली, की मी उजवा हात मांडीखाली दाबून बसतो.